तीन नंबरच्या पाळण्यातला कापूस

डब्याचं झाकण पडलं तेव्हा मी मोरीत दुपटी पिळत होते. पितळी झाकण, खाली शहाबादी फरशी, असा खणकन आवाज झाला की माझ्या हातातलं दुपटंच बादलीत पडलं. वॉर्डातली पोरं एकामागून एक रडायला लागली. मी मनात म्हटलं, झालं, आता सगळ्यांना परत थोपटा.

तेवढ्यात एक बाई मोठ्यांदा म्हणाल्या, "अगं, ही का नाही दचकली?"

ही म्हणजे कोण ते मला न बघताच कळलेलं. तीन नंबरचा पाळणा. आणि ती का दचकली नाही ते सबंध दवाखान्यात फक्त मला माहीत होतं.

थांबा, आधीचं सांगते, नाहीतर तुम्हाला काही समजायचं नाही.

डोंबिवलीला आमच्या डॉक्टरीणबाईंचं छोटं प्रसूतिगृह आहे. म्हणजे बाळंतिणींचा दवाखाना. कौलारू बंगला, पुढं बाग, मागं लगेच भाताची खाचरं. मी तिथं आया. लोक आया आणि नर्स एकच समजतात, तसं नाही. नर्सला आम्ही सिस्टर म्हणतो. सिस्टर शिकलेली असते, इंजेक्शन देते, नाळ बांधते, बाळाचं वजन घेते. आया म्हणजे पोरांच्या आंघोळी, दुपटी, बेडपॅन, फरशी पुसणं, संध्याकाळी ओवा-शेपाची धुरी. मी चौथी पास आहे, आणि चौथीला पण सारखी घरी भाऊ सांभाळायला राहायचे, तेव्हा मला आयाच होता येणार होतं. आमचे हे कल्याणला रेल्वेच्या यार्डात. आमचा बाळू तेव्हा नुकता चालायला लागलेला. त्याला शेजारच्या आत्याबाईंकडं ठेवून मी ड्यूटीला यायचे, आणि सगळा दिवस जीव तिकडं.

कामाला लागले तेव्हा डॉक्टरीणबाईंनी मला एकच नियम सांगितलेला. "यमुना, बाळाच्या डोळ्यात, कानात, नाकात, तोंडात, बेंबीवर, सिस्टरला विचारल्याशिवाय काही घालायचं नाही. काजळ नाही, तेल नाही, मध नाही, काही म्हणजे काही नाही."

मी हो म्हणालेले.

आता किड्यांचं. आषाढ सरला की आमच्या तिकडं पैसे निघतात. पैसा म्हणजे तो लांबडा तपकिरी किडा, पायच पाय असलेला. हात लावला की गोल वेटोळं करून पैशासारखा पडून राहतो. डॉक्टरीणबाई त्याला वाणी म्हणतात. एरवी एखाददुसरा दिसतो. पण पाऊस लागून राहिला आणि खाचरं भरली की ते कोरडं शोधत घरात येतात, आणि येतात म्हणजे किती, भिंतीवर, उंबऱ्यावर, खिडकीच्या गजांवर, मोरीत, चपलेत. मलेरियावाले येऊन भिंतींवर पिचकारी मारून गेलेले, त्याचे पांढरे डाग अजून होते, त्या डागांवरून हे खुशाल चालायचे. चिरडला की आयोडीनसारखा वास येतो. पहिल्या दिवशी मला वाटलं सिस्टरच्या हातून बाटली फुटली.

पेशंट किंचाळायच्या. डॉक्टरीणबाई राउंडला आल्या की सगळ्यांना सांगायच्या, "अहो, चावत नाहीत ते, डसत नाहीत. कुजका पाला खातात बिचारे. भाद्रपदात आपोआप जातील. यमुना, झाडून सुपलीत घे आणि खाचरात टाक."

मी टाकायचे. सुपली भरून टाकायचे, मोरीशी जाऊन हात धुवून येईस्तोवर भिंतीवर परत तितकेच.

मला त्यांची भीती वाटायची. शिकलेल्या माणसाला हसू येईल. पण आमच्या गावाकडं, जुन्नरच्या अंगाला, आमच्या आळीत किसन म्हणून एक पोरगा होता, त्याच्या कानात झोपेत गोम गेली आणि तो बहिरा झाला, असं माझी आई सांगायची. रोज निजताना सांगायची. म्हणून आमच्याकडं पावसात लहान पोरांच्या कानात तेलाचा कापूस घालूनच निजवतात. गोम वेगळी आणि पैसा वेगळा हे मला पण माहीत होतं. गोम चपटी, पळते, डसते. पैसा गोल, हळू चालतो. पण पिल्लू असलं की कुठलं काय कळत नाही हो, बारीक दोऱ्यासारखं असतं, आणि बारीकच तर कानात जातं ना?

बाळूच्या कानात मी रोज कापूस घालायचे.

तर त्या दिवशी सकाळी मी तीन नंबरच्या पाळण्यापाशी गेले. वत्सलाताईंची मुलगी, चार दिवसांची. पाळणा भिंतीला लागून, खिडकीखाली. बघते तर दुपट्यावर, गळ्याच्या अगदी जवळ, बारका पैसा. चाललेला वर, कानाकडं. वत्सलाताई अंघोळीला गेलेल्या. सिस्टर आत, दुसऱ्या एका बाईला कळा लागलेल्या, तिचा ओरडा बाहेर येत होता. मी किडा झटकला, पायाखाली घेतला. एक दिसला म्हणजे आधी दुसरा गेला नसेल कशावरून? मी कापसाचे दोन बारीक बोळे केले, खोबरेल लावलं, दोन्ही कानात नीट बसवले, वरून कुंची घातली. कुंचीनं कान झाकतातच, कुणाला दिसायचं काही कारण नाही.

सिस्टर बाहेर आली की सांगेन म्हटलं. खरंच म्हटलेलं. मग आतली ती बाई अडली, पाणी तापव, चादरी आण, डॉक्टरीणबाईंना बोलव, मागून फरशी धू, आणि त्यात माझ्या डोक्यातून ते गेलं. दुपारी भेटायला येणाऱ्यांची वेळ झाली, मी मोरीत बसले, आणि झाकण पडलं.

वत्सलाताईंबद्दल सांगायचं राहिलं. पहिलटकरीण. पहिलं बाळंतपण माहेरी असतं, पण यांचं माहेर रत्नागिरीच्याही खाली, आणि पावसाळ्यात बोटी बंद. म्हणून इथंच. नवरा फोर्टात कचेरीत, सासर स्टेशनमागच्या गल्लीत. सासूबाई रोज दुपारी यायच्या, नऊवारी, कडक, पण वाईट नाही. रोज काहीतरी करून आणायच्या. त्या दिवशी अळिवाचे लाडू आणलेले. त्या डब्याचं ते झाकण.

मी हात तसेच ओले घेऊन वॉर्डात पळाले. सासूबाई पाळण्यावर वाकून चुटक्या वाजवत होत्या. बाळ गाढ झोपलेलं, ओठावर दूध. सगळी पोरं भोकाड पसरून रडतायत, आणि ही एकटी शांत.

शेजारच्या खाटेवरची बाई म्हणाली, "चुटकीनं काय होतंय काकू, टाळी वाजवा."

सासूबाईंनी टाळी वाजवली. मग झाकण उचलून खाटेच्या दांडीवर आपटलं. बाळाची पापणी हलली नाही.

"वत्सला," सासूबाई म्हणाल्या, हळूच, "हिला ऐकू येत नाही का गं?"

मी पुढं झाले. "आई, ऐका ना, तिच्या..."

"तू थांब. ओले हात घेऊन बाळाजवळ येऊ नकोस."

मी थांबले.

ते एवढंच आहे बघा. मला थांब म्हटलं आणि मी थांबले. तोंडात शब्द होते. कापूस आहे, दोन शब्द. पण त्या मोठ्या घरच्या, मी आया, हात खरंच ओले, फरशीवर पाणी गळत होतं, ते मी पुसायच्या आधीच कुणी ओरडेल असं वाटलं, आणि नोकरी जाईल, आणि डॉक्टरीणबाईंचा नियम, सगळं एकदम डोक्यात आलं आणि मी पदराला हात पुसायला लागले. हात पुसून मग बोलावं म्हटलं.

तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, "आमच्याकडं तर असं कुणी नाही. आजवर कुणी नाही."

शेजारची लगेच, "आईकडनं येतं हो ते. आमच्या गावात एक आहे, त्याचा मामा..."

वत्सलाताई उठून बसलेल्या. तोंड पांढरं फटक. त्या कुणाकडं बघत नव्हत्या, पाळण्याकडंच. आणि म्हणाल्या, "मला वाटलेलंच. नऊ महिने मला हेच वाटत होतं. दादासारखी झाली. देवा, तसलीच झाली."

शेजारच्या बाईनं मामाची गोष्ट तिथंच सोडली.

"कोण दादा?" सासूबाईंनी विचारलं.

वत्सलाताईंनी तोंडावर हात ठेवला.

"तुझा थोरला भाऊ? लग्नात पानसुपारी देत होता तो? हसरा?"

वत्सलाताईंनी मान खाली घातली.

"त्याचं मौन होतं ना? तुझे वडील म्हणाले होते मला. सोमवारचं मौन धरतो म्हणाले."

मग सासूबाईंनी बोटांवर वार मोजले.

"लग्न गुरुवारी होतं, वत्सला."

शेजारच्या बाईला हसू आलं, तिनं ते खोकल्यात घातलं. आणि खोटं कशाला बोलू, माझ्यापण ओठाशी आलं. मग मी वत्सलाताईंचं तोंड बघितलं आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"कापूस आहे!" मी ओरडले. "कानात कापूस आहे तिच्या, मी घातलाय, सकाळी घातलाय, किडा होता, तिला ऐकू येतंय, चांगलं येतंय, कापूस आहे फक्त!"

माझा आवाज ऐकून डॉक्टरीणबाई त्यांच्या खोलीतून आल्या. त्यांनी काही विचारलं नाही. कुंची मागं सारली, सिस्टरकडून चिमटा घेतला, एक बोळा काढला, कूस बदलून दुसरा काढला. दोन्ही ट्रेमध्ये ठेवले. इवलेसे, तेलानं पिवळे झालेले. मग चिमटा त्याच ट्रेवर टण्णकन वाजवला.

बाळानं दोन्ही हात फेकले आणि असं रडली, असं रडली, की बाकीची पोरं गप्प झाली.

सगळ्यांनी हुश्श केलं. डॉक्टरीणबाई सासूबाईंना समजावून सांगायला लागल्या की पोट भरून झोपलेलं मूल कधीकधी तसंही दचकत नाही, त्यात कानात कापूस, काळजीचं काही नाही. शेजारची म्हणाली, "बाई, काय घाबरवलंत हो!" सिस्टर हसली.

सासूबाई आणि वत्सलाताई हसल्या नाहीत. सासूबाईंनी फरशीवरचं लाडवाचा चुरा उचलून चिमटीत धरला, झाकण डब्यावर घट्ट बसवलं, आणि डबा घेऊन गेल्या. लाडू वत्सलाताईंना न देताच.

नंतर डॉक्टरीणबाईंनी मला खोलीत बोलावलं. मी दारातच उभी.

"आत ये. ती काय गोम होती?"

"नाही बाई. पैसा."

"चावतो?"

"नाही."

"मी किती दिवस हेच सांगतेय?"

"रोज, बाई."

"मग?"

"भीती वाटली."

त्यांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला. मला वाटलं आता म्हणतील उद्यापासून येऊ नकोस. मी रडायलाच लागले, घरात मूल आहे बाई, असं काहीबाही बोलले.

"रडू नकोस. कापूस काय, तो मी काढला," त्या म्हणाल्या. "त्या मुलीच्या तोंडून निघालं ते मला कुठल्या चिमट्यानं काढता येणारे, सांग?"

त्यापेक्षा त्यांनी मला कामावरून काढून टाकलं असतं तर बरं झालं असतं.

दुसऱ्या दिवशी सासूबाई आल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी नवरा आला, कचेरीतून परस्पर, दारात उभा राहून छत्री झटकत बसला. बाळाकडं बघितलं, वत्सलाताईंना विचारलं, "काही हवंय?" त्या नाही म्हणाल्या. तो गेला. आमच्याकडं दहा दिवसांनी बाळंतिणीला घरी सोडतात. माहेरचं कुणी येऊ शकत नव्हतं, बोटी बंद. आता दहाव्या दिवशी हिला न्यायला कुणी येतं की नाही, हे सगळ्या वॉर्डाला पडलेलं. शेजारची तर उघड म्हणायची, "फसवणूक ती फसवणूकच हो. आज ऐकू येतंय, पुढच्या पोराचं काय?"

मी वत्सलाताईंच्या मुलीची अंघोळ करायला गेले की माझी मान वर व्हायची नाही. वाटायचं, म्हणतील, तू हात लावू नकोस. त्या तसं कधी म्हणाल्या नाहीत. एकदा मी बाळाला पायावर घेऊन पाणी घालत होते, तर त्याच बोलायला लागल्या.

"मी त्याला तसला म्हटलं, यमुना."

"घाबरलेल्या तुम्ही, ताई."

"लहानपणी मला तोच कडेवर घेऊन फिरायचा. हाक ऐकू यायची नाही, म्हणून मी त्याच्या छातीवर थापट्या मारायचे. दोन थापट्या म्हणजे थांब. एक म्हणजे चल. लग्नात त्याला सांगितलं, कुणी विचारलं तर नुसता हस. दिवसभर हसला तो. गाल दुखले असतील त्याचे." मग म्हणाल्या, "पाणी गार झालंय बघ."

त्या दिवशी ड्यूटी सुटल्यावर मी घरी गेले, बाळूला कडेवर घेतलं आणि तशीच स्टेशनमागच्या गल्लीत गेले. का गेले मला माहीत नाही. दोनदा परत फिरले. डॉक्टरीणबाईंना कळलं तर काय, असंही वाटत होतं.

सासूबाई ओटीवर बसून तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी सूप खाली ठेवलं.

"तू ती कापसावाली ना?"

"हो आई. चूक माझी झाली. बाळाचं काही नाही, वत्सलाताईंचंही काही नाही, सगळं माझ्यामुळं झालं, हे सांगायला आले." एका दमात बोलले आणि दमच लागला.

"बस."

मी पायरीवर बसले. बाळू कडेवरून उतरला. उंबऱ्याशी पैसा चाललेला, त्यानं बोट लावलं, पैशानं वेटोळं केलं, तर हा टाळ्या पिटून हसायला लागला. माझा जीव वर. मी त्याला मागं ओढला.

सासूबाई बघत होत्या. "हा तुझा?"

"हो."

"इकडं ये रे." त्यांनी त्याला जवळ घेतलं, टोपडं मागं सारलं, कानात बघितलं. "ह्याच्याही आहे की."

मला धरणीनं पोटात घ्यावं असं झालं. इतकं सगळं घडून, डॉक्टरीणबाईंचं ऐकून, सकाळी ड्यूटीला निघताना मी माझ्या पोराच्या कानात कापूस घातलेलाच होता. हात आपोआप जायचा.

त्यांनी दोन्ही बोळे नखानं काढले आणि अंगणात टाकले. "कापसाचं मला काही नाही गं," त्या म्हणाल्या. "कापूस निघाला. पण माझ्या घरी येऊन, माझ्या पाटावर बसून जेवले ते लोक, आणि मला सोमवार सांगितला. मी सगळ्यांना कौतुकानं सांगत सुटले, सुनेचा भाऊ किती धार्मिक, या वयात मौन धरतो. कालसुद्धा समोरच्या काकूंनी विचारलं, अजून धरतो का. काय सांगू मी त्यांना?"

मला तेव्हा कळलं की त्यांना पण लाजच वाटत होती. आणि कसं माहीत नाही, माझ्या तोंडून निघून गेलं, "आई, खरं सांगितलं असतं तर सून करून घेतली असती तुम्ही त्यांना?"

बोलले आणि जीभ चावली.

सासूबाईंनी सूप परत मांडीवर घेतलं. खडा काढला, टाकला. अजून एक काढला.

"नसती," त्या म्हणाल्या.

बाळू परत पैशाकडं चाललेला, मी त्याचा हात धरून बसलेले.

"जा आता," त्या म्हणाल्या. "तिन्हीसांज होईल. आणि तो किडा काही करत नाही, खेळू दे त्याला."

दहावा दिवस. सकाळपासून वत्सलाताई बांधाबांध करून खाटेवर बसलेल्या. बाळाला नवीन कुंची घातलेली. मी उगाचच खिडकीपाशी फरशी पुसत होते, पुसलेलीच परत. शेजारची बाई दोन दिवसांपूर्वी घरी गेलेली, तेवढं बरं. दुपार झाली. सिस्टर मला म्हणाली, "यमुना, किती पुसशील, फरशीला भोक पडेल." मी पुसतच राहिले.

टांगा फाटकाशी थांबला तेव्हा आधी मला तो पितळी डबा दिसला.

सासूबाई आत आल्या. कुणाशी काही बोलल्या नाहीत. पाळण्यापाशी गेल्या, स्वतः कुंची मागं केली, दोन्ही कान बघितले. मग डब्याचं झाकण काढून त्यावर अंगठी टिचकी मारल्यासारखी वाजवली. टिण्ण. बाळ दचकलं, ओठ काढले.

"चल," त्या वत्सलाताईंना म्हणाल्या. "टांगेवाला थांबायचा नाही."

वत्सलाताई उठल्या. वाकून नमस्कार करायला लागल्या तर त्यांनी खांद्याला धरलं. "आता नको, कंबर दुखेल. बोटी सुरू झाल्या की बोलव त्याला. पण आधी मला सांगून. आणि समोरच्यांना काय सांगायचं ते मी बघीन."

मी बाळ सासूबाईंच्या हातात दिलं. माझे हात कोरडे होते, मी तीनदा पुसलेले. त्या माझ्याकडं बघून म्हणाल्या, "लाडू घे दोन. मुलाला दे." तेवढंच.

बोटी सुरू झाल्यावर तो भाऊ येऊन गेला, असं वत्सलाताईंनीच मला बाजारात भेटल्या तेव्हा सांगितलं. नारळ, कोकम घेऊन आलेला. सासूबाईंनी चहा दिला, त्याच्याशी एक शब्द बोलल्या नाहीत. "पण त्याला काय फरक पडतोय," वत्सलाताई म्हणाल्या आणि हसल्या. मग हसू गेलं. "त्याला कळत होतं गं सगळं. तोंड बघून कळतं त्याला. मीच त्याच्याकडं बघत नव्हते."

मला वाटलेलं, चला, मिटलं. मिटलं असं तुम्हालाही वाटत असेल.

परवा सासूबाई नातीला घेऊन आमच्या दवाखान्यात आल्या. दात येतायत, ताप होता. मुलगी गुटगुटीत, उभी राहते, बाकाला धरून चालते. मी तिच्याशी बोबडं बोलत होते तेवढ्यात नव्या आयाच्या हातून बेडपॅन पडला. मोठा आवाज झाला. बाकावरची बाकीची पोरं रडायला लागली. ही रडली नाही. हिनं गर्रकन मान वळवली, पण बेडपॅनकडं नाही. आजीकडं. आजीचं तोंड बघत राहिली. आजीनं हळूच मान हलवली, हां, म्हणजे ऐकलंस. मग ती परत बाकाला धरून चालायला लागली.

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं नाही. मी पण खाली बघितलं. त्या घरात रोज काहीतरी वाजवून बघत असणार, डबा, ताटली, चमचा, आणि त्या पोरीला अजून बोलता येत नाही, पण आवाज झाला की कुणाला तरी दाखवायचं असतं एवढं तिला समजलंय. ते मी त्या दोन बोळ्यांबरोबर तिच्या कानात घातलं, आणि ते कुणी काढलं नाही.

यंदाही पैसे आलेत. भिंतीवर, मोरीत, सगळीकडं. आम्ही पाळणे भिंतीपासून हातभर पुढं ओढलेत, पायांखाली पाण्याची डबडी ठेवलीत, म्हणजे वर चढत नाहीत. इतकं सोपं होतं ते. मी झाडते, सुपलीत घेते, खाचरात टाकते. बाळूच्या कानात आता काही नाही. भीती वाटते, ती वाटतेच.

नव्या आयाला मी डॉक्टरीणबाईंचा नियम सांगितला, डोळे, कान, नाक, तोंड, बेंबी. आणि एक माझ्या पदरचं सांगितलं, की चुकून काही घातलंसच तर लगेच सांग, कोण थांब म्हणालं तरी सांग. हात ओले असले तरी बोलता येतं.